राजवैद्याचे मौन : डॉ. कॅरी ग्रेसन

राजा आजारी पडला म्हणजे राज्यही आजारी पडते, हा अनुभव आपल्या इतिहासाला नवा नाही. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे क्षयाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या प्राणाबरोबर मराठी राज्याचे भवितव्यही तागडीत पडले होते. अशा प्रसंगी राजाच्या उशाशी बसलेला वैद्य काय जाणतो आणि काय बोलतो, याला मोठ्या सेनापतीच्या हालचालीइतके महत्त्व येते. परंतु तो काळ राजांचा होता. राजाची प्रकृती हे राजवाड्याचे गुपित, असे मानण्याचा प्रघात होता आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नसे. लोकशाहीत मात्र प्रश्न अवघड होतो. तेथे राष्ट्राचा प्रमुख हा लोकांनी निवडलेला सेवक असतो. तो आजारी पडला, तर त्याच्या वैद्याने कोणाशी इमान राखावे? ज्याची नाडी हाती धरली त्या रोग्याशी, की ज्या लोकांनी त्या रोग्याच्या हाती राज्य दिले त्यांच्याशी?

हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात मूर्तिमंत उभा राहिला. त्याचे नाव डॉ. कॅरी ट्रॅव्हर्स ग्रेसन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे ते खाजगी वैद्य होते. त्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ग्रेसन यांचा जन्म १८७८ साली व्हर्जिनिया प्रांतातील कल्पेपर परगण्यात झाला. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपले. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १९०३ साली ते नौदलाच्या वैद्यक खात्यात दाखल झाले. बांधा सडपातळ, स्वभाव मिठ्ठास, बोलणे विनोदी आणि घोड्यावरची बैठक पक्की. असा हा तरुण डॉक्टर राष्ट्राध्यक्षांच्या ‘मेफ्लॉवर’ नावाच्या नौकेवर नेमला गेला. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या जानेवारीत, लष्करी अधिकाऱ्यांना घालून दिलेली घोडदौडीची कसोटी काही अशक्य नव्हे हे दाखविण्यासाठी, वॉशिंग्टनपासून वॉरेंटनपर्यंत जाऊन परत असा सुमारे शंभर मैलांचा प्रवास एका दिवसात घोड्यावरून केला. त्या वेळी त्यांच्याबरोबर जे दोघेतिघे होते, त्यांत ग्रेसनही होते. रूझवेल्टांच्या मागून आलेले राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचाही त्यांच्यावर लोभ जडला.

१९१३ च्या मार्च महिन्यात टाफ्ट पायउतार झाले आणि विल्सन अधिकारावर आले. जाता जाता टाफ्ट यांनी या तरुण डॉक्टराची ओळख आपल्या उत्तराधिकाऱ्याशी करून दिली. त्याच समारंभाच्या गर्दीत विल्सन यांची बहीण जिन्यावर पाय घसरून पडली आणि तिच्या कपाळाला खोक पडली. ग्रेसन यांनी ती जखम अशा हलक्या हाताने शिवली, की विल्सन यांनी लागलीच नौदलाकडून त्यांना मागून घेतले. कपाळावरच्या चार टाक्यांनी एका माणसाचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्याला शिवून टाकले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विल्सन हे पूर्वाश्रमीचे प्राध्यापक. बुद्धी तल्लख, निश्चय पोलादी. परंतु देह मात्र फार पूर्वीपासून कुरकुरत आलेला. १८९६ साली त्यांच्या उजव्या हातातील बळ एकाएकी गेले होते व ते परत यावयास बरेच महिने लागले. १९०६ साली एका सकाळी ते जागे झाले, तो डाव्या डोळ्यास दिसेना. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. आज आपण जाणतो, की ही सारी शरीरातील रक्तवाहिन्या कठीण होत चालल्याची चिन्हे होती. त्या काळी मात्र त्यांची संगती कोणी नीट लावली नाही. व्हाइट हाउसमध्ये येताना विल्सन यांनी आपल्या सामानात पोट धुण्याची नळी आणि डोकेदुखीवरच्या गोळ्यांचा साठा आणला होता. ग्रेसन यांनी प्रथम काय केले असेल, तर ती नळी आणि त्या गोळ्या बंद केल्या. त्यांच्या जागी मोकळी हवा, नेमस्त आहार, पुरेशी झोप, मोटारीतून फेरफटका आणि गोल्फचा खेळ यांची योजना केली. गोल्फमध्ये विल्सन यांना गती बेताचीच. पण वैद्याची आज्ञा म्हणून ते हिवाळ्यातही खेळत आणि बर्फात चेंडू दिसावा म्हणून त्यास लाल रंग देत. ज्या माणसाच्या प्रकृतीविषयी जाणत्या लोकांनी भीती व्यक्त केली होती, त्याने महायुद्धाचा भार उचलून आपली कारकीर्द पुढे चालविली. याचे बरेचसे श्रेय या साध्यासुध्या दिनचर्येकडे जाते.

वैद्य आणि रोगी यांच्यातील नाते पुढे अधिकच निकटचे झाले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, युरोपात युद्धाचा वणवा पेटला त्याच आठवड्यात, विल्सन यांच्या पत्नी एलन मूत्रपिंडाच्या विकाराने निवर्तल्या. तेव्हा त्यांची शुश्रूषा ग्रेसन यांनी केली आणि नंतर एकाकी पडलेल्या विल्सन यांना सावरले तेही त्यांनीच. पुढच्या वर्षी ईडिथ गॉल्ट या विधवा स्त्रीची विल्सन यांच्याशी गाठ पडली, तीही ग्रेसन यांच्याच परिचयातून. १९१५ च्या डिसेंबरात त्या दोघांचा विवाह झाला. ग्रेसन यांची वाग्दत्त वधू ही ईडिथबाईंच्या मायेतली मुलगी. तेव्हा संबंध घरोब्याचा झाला. पुढे विल्सन यांनी आपल्या वैद्यास अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या डोक्यावरून रिअर अ‍ॅडमिरलच्या हुद्द्यावर चढविले, तेव्हा सिनेटमध्ये कडवट टीका झाली. टीका रास्त होती की नव्हती, हा भाग वेगळा. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की वैद्याचा हुद्दा, त्याचा संसार आणि त्याचा स्नेह हे सर्व आता एकाच रोग्याच्या पदरी बांधले गेले होते. गावात दहा घरी जाणाऱ्या वैद्यास एखादे घर सोडून देता येते. ज्याला एकच घर आहे, त्याने काय करावे?

डिसेंबर १९१८ मध्ये विल्सन तहाच्या परिषदेसाठी युरोपास निघाले. स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचा त्यांनी केलेला उद्घोष तेव्हा साऱ्या परतंत्र राष्ट्रांच्या कानी गेला होता. आपल्या लोकमान्यांचा मुक्काम त्या वेळी लंडनमध्ये होता. चिरोलवरील खटल्याच्या निमित्ताने ते तेथे गेले होते. काँग्रेसने परिषदेसाठी त्यांना आपले प्रतिनिधी नेमले, पण सरकारने पॅरिसला जाण्याचा परवाना दिला नाही. तेव्हा त्यांनी विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानची मागणी मांडली. उत्तर आले ते चिटणिसाचे : हा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी विचारात घेतील. म्हणजे ज्या माणसाच्या प्रकृतीची ही कथा आहे, त्याच्या शब्दाकडे पुण्याच्या केसरीवाड्यातील माणसांचेही डोळे लागलेले होते. त्याचे आजारपण ही केवळ अमेरिकेची घरगुती बाब नव्हती.

पॅरिसमध्ये ३ एप्रिल १९१९ रोजी विल्सन यांना एकाएकी जोराचा ताप भरला. खोकल्याने श्वास कोंडू लागला. प्रथम तर ग्रेसन यांना विषप्रयोगाचाही संशय आला. अखेर ती इन्फ्लुएंझाची साथ ठरली. काही दिवसांनी रोगी उठला. पण तो पूर्वीचा राहिला नाही, असे जवळच्या माणसांना वाटू लागले. तो अधिक चिडखोर आणि अधिक संशयी झाला होता. त्या आजारात मेंदूलाही काही इजा झाली काय, यावर इतिहासकारांचे व वैद्यांचे एकमत नाही. तेव्हा आपणही त्या वादात पडू नये.

तह घेऊन विल्सन मायदेशी परतले आणि १० जुलै रोजी त्यांनी तो सिनेटपुढे ठेवला. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे तहाला सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची संमती लागते. हेन्री कॅबट लॉज यांच्या पुढारपणाखाली विरोधी पक्षाने राष्ट्रसंघाच्या कलमांना अटी घालण्याचा आग्रह धरला. विल्सन म्हणाले, मी थेट लोकांकडे जातो. ग्रेसन यांनी विरोध केला. असा प्रवास आपल्या प्रकृतीस झेपणार नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा बजावले. परंतु युद्धात ज्या तरुणांना आपण खंदकात पाठविले, त्यांच्यापुढे आपल्या जिवाची मातब्बरी ती काय, अशी विल्सन यांची भावना होती. वैद्याचा सल्ला बाजूस राहिला आणि ३ सप्टेंबर १९१९ रोजी खास आगगाडी पश्चिमेकडे निघाली.

बावीस दिवसांत सुमारे आठ हजार मैलांचा प्रवास आणि चाळीसच्या आसपास व्याख्याने झाली. त्या काळी ध्वनिवर्धक यंत्रे बहुतेक ठिकाणी नव्हती. हजारोंच्या सभेत घसा फोडून बोलावे लागे. गाडीतील लोखंडी डबा उन्हाने तापे. रोग्याचे डोके असह्य ठणकू लागले; रात्री पडून राहवेना म्हणून तो खुर्चीत बसून झोप घेऊ लागला. २५ सप्टेंबरला कोलोराडो प्रांतातील प्वेब्लो येथे व्याख्यान झाले. त्यानंतर गावापासून काही मैलांवर ग्रेसन यांनी गाडी थांबविली आणि मोकळ्या हवेत थोडे चालावे म्हणून विल्सन पतिपत्नींना खाली उतरविले. धुळीच्या रस्त्याने तिघे चालले असता एका वृद्ध शेतकऱ्याने राष्ट्राध्यक्षांना ओळखून आपली गाडी थांबविली आणि कोबीचा एक गड्डा व काही सफरचंदे त्यांच्या हाती ठेवली. विल्सन यांच्या धडधाकट आयुष्यातील हा शेवटचा फेरफटका ठरला.

त्याच रात्री त्यांना भयंकर अस्वस्थ वाटू लागले. चेहऱ्याचे स्नायू फडफडू लागले. पहाटे ग्रेसन यांनी निक्षून सांगितले, की आता प्रवास पुरे. विल्सन यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्यांनी मानले. विचिटा येथून गाडी परत फिरली. वृत्तपत्रांना सांगण्यात आले, की अतिश्रमाने राष्ट्राध्यक्षांच्या मज्जातंतूंना थकवा आला आहे. हे खोटे नव्हते आणि पुरते खरेही नव्हते. येथून पुढे ग्रेसन यांच्या प्रत्येक जाहीर वाक्याचे स्वरूप हेच राहिले.

२ ऑक्टोबर १९१९ ची सकाळ. ईडिथबाईंना पतीचा डावा हात लुळा पडलेला आढळला. त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला व त्या परत येऊन पाहतात, तो पती न्हाणीघरात जमिनीवर बेशुद्ध पडलेला. ग्रेसन धावत आले. काही वेळाने खोलीबाहेर येताना राष्ट्राध्यक्षांचे अंग गेल्याचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले, असे व्हाइट हाउसचा मुख्य सेवक हूव्हर याने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. डावी बाजू पार लुळी पडली होती. फिलाडेल्फियाचे प्रख्यात मज्जातंतुविशारद डॉ. डर्कम यांना तातडीने बोलाविण्यात आले. त्या रात्रीचे पत्रक एवढेच सांगत होते, की राष्ट्राध्यक्ष फार आजारी आहेत व त्यांना पूर्ण विश्रांतीची जरुरी आहे. अर्धांगवायू हा शब्द त्यात नव्हता.

अमेरिकेच्या घटनेत लिहिले होते, की राष्ट्राध्यक्ष आपले काम करण्यास असमर्थ झाल्यास ते काम उपाध्यक्षाकडे जावे. परंतु असमर्थता ठरवावयाची कोणी, याविषयी घटना मुकी होती. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग हे विल्सन यांचे चिटणीस टमल्टी यांच्याकडे गेले व त्यांनी घटनेतील हे कलम वाचून दाखविले. टमल्टी संतापले. असमर्थतेचा दाखला देणार कोण, असा प्रश्न निघाला, तो तुम्ही किंवा डॉक्टर ग्रेसन, असे उत्तर मिळाले. टमल्टी यांनी साफ सांगितले, की आपण असे विश्वासघाताचे कृत्य करणार नाही आणि ग्रेसनही करणार नाहीत. तेवढ्यात ग्रेसन खोलीत आले आणि त्यांनीही हाच निश्चय सांगितला.

६ ऑक्टोबरला लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाची सभा बोलाविली व ग्रेसन यांना पाचारण केले. मंत्र्यांपुढे ते काय बोलले? मज्जातंतूंचा थकवा, अपचन, क्षीणता एवढेच. त्यावर आणखी त्यांनी असेही सांगितले, की ही सभा कोणाच्या अधिकाराने भरली आहे, असे राष्ट्राध्यक्ष विचारीत आहेत. मंत्री चपापले, सहानुभूतीचा ठराव करून सभा उठली. ज्या ठिकाणी सत्य जाणण्याचा कायदेशीर अधिकार असलेली माणसे बसली होती, तेथेही वैद्याने दार अर्धेच उघडले. स्वतः उपाध्यक्ष मार्शल यांनाही अधिकृतपणे काही कळविले गेले नाही. वृत्तपत्राच्या एका वार्ताहराकरवी ही बातमी त्यांच्या कानी घालण्यात आली.

मग महिन्याच्या मध्याला मूत्रावरोधाचे दुसरे संकट ओढवले. तज्ज्ञांना पाचारण झाले; शस्त्रक्रिया करावी तर रोगी दगावेल, न करावी तर विष अंगात भिनेल, असा पेच पडला. अखेर वाट पाहण्याचे ठरले आणि तो अडथळा आपोआप दूर झाला. वैद्य या नात्याने ग्रेसन यांनी त्या दिवसांत घेतलेले कष्ट अलौकिक होते. रात्रंदिवस ते रोग्याच्या खोलीतून हलले नाहीत. हे श्रेय त्यांना दिल्यावाचून त्यांचा न्याय करणे अन्यायाचे होईल.

श्रोतेहो, आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा कागद. २० ऑक्टोबर १९१९ रोजी डॉ. डर्कम यांनी आपल्या निदानाचे टिपण लिहून ग्रेसन यांना दिले. मेंदूच्या उजव्या भागातील मुख्य रक्तवाहिनीत गुठळी होऊन डाव्या अंगास तीव्र अर्धांगवायू झाला आहे, असे त्यात स्वच्छ शब्दांत नमूद होते. ग्रेसन यांच्या मनात हे सारे लोकांपुढे ठेवण्याचा विचार येऊन गेला होता. तशा अर्थाचा मजकूरही त्यांच्या कागदपत्रांत सापडतो. परंतु ईडिथबाईंचा त्यास सक्त विरोध होता, आणि पत्नीच्या इच्छेपुढे ग्रेसन यांनी लेखणी खाली ठेविली. तो कागद त्यांच्या संग्रहात तसाच पडून राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९० च्या सुमारास, त्यांच्या मुलांनी तो संग्रह अभ्यासकांना खुला केला, तेव्हा जगाला कळले, की वैद्याला त्या वेळी सर्व काही ठाऊक होते.

या मौनाची किंमत कोणी दिली? काही काळ अमेरिकेचा कारभार शयनगृहाच्या दारावर अडून राहिला. आत काय जावे आणि काय न जावे, हे ईडिथबाई ठरवीत. कितीतरी विधेयके राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून मुदत संपून कायदे झाली. दारूबंदीच्या अंमलबजावणीचे विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या नावाने नाकारले गेले. तो नकाराचा मसुदा चिटणिसाने तयार केला होता. डिसेंबरमध्ये सिनेटचे दोन सभासद, फॉल आणि हिचकॉक, प्रत्यक्ष प्रकृती पाहण्यासाठी आले, तेव्हा रोग्याचा लुळा हात पांघरुणाखाली होता, उजवा मात्र बाहेर होता व त्याने तो पुढे करून हस्तांदोलन केले. मेक्सिकोत पकडल्या गेलेल्या अमेरिकन वकिलाच्या प्रश्नावर बोलणे चालले असता खुद्द ग्रेसन आत आले आणि तो वकील सुटल्याची वार्ता त्यांनी दिली. पाहुण्यांचा मुद्दाच खलास झाला. राष्ट्राध्यक्षांचे डोके ठिकाणावर आहे, अशी ग्वाही देत ते परतले; आणि तसे पाहता त्यांनी पाहिले ते खरेच होते. विल्सन यांची वाचा व स्मृती शाबूत होती. हरपला होता तो विवेकाचा तोल. आणि तो अर्ध्या तासाच्या भेटीत कोणास दिसणार?

तो तोल हरपल्याचे मोल मात्र सिनेटमध्ये मोजले गेले. अटी मान्य केल्या असत्या, तर तह मंजूर होण्याचा संभव होता. विल्सन यांच्या पक्षाचे पुढारी हिचकॉक यांनी तडजोडीचा विषय काढला. रोगशय्येवरून उत्तर आले, की तडजोड नाही. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी तह फेटाळला गेला. १९ मार्च १९२० रोजी पुन्हा मते घेण्यात आली. ४९ अनुकूल, ३५ प्रतिकूल. सात मतांनी दोनतृतीयांश हुकले. जो राष्ट्रसंघ विल्सन यांनी जगाला दिला, त्यात त्यांचे स्वतःचे राष्ट्र कधीच सामील झाले नाही. निरोगी विल्सन अधिक नमते घेते काय? तेही हट्टी होतेच. म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु मेंदूच्या अशा आघातानंतर रोग्याचा हट्ट वाढतो आणि आपल्या व्यंगाची त्याला पुरती जाणीव राहत नाही, ही गोष्ट वैद्यकाला परिचित आहे. लोकांना आणि सिनेटला हे ठाऊक असते, तर निर्णयाची सूत्रे दुसऱ्या हाती देण्याचा विचार तरी झाला असता. तो विचार करण्याची संधीच मौनाने हिरावून घेतली.

१९२० च्या फेब्रुवारीत सल्लागार डॉक्टरांपैकी डॉ. ह्यू यंग यांच्या मुलाखतीतून गुठळीची गोष्ट वृत्तपत्रात फुटली. त्याच महिन्यात विल्सन यांनी लॅन्सिंग यांचा राजीनामा घेतला. आपल्या परवानगीवाचून मंत्रिमंडळाच्या सभा भरविल्या, हा त्यांचा अपराध ठरला.

या सर्व काळात ग्रेसन यांच्या मनात काय चालले होते? ते निर्विकार होते, असे नाही. १९२० च्या आरंभी त्यांनी विल्सन यांना राजीनाम्याचा सल्ला दिला होता व पत्नीच्या विरोधामुळे तो बेत बारगळला, असे वृत्तपत्रकार रे स्टॅनर्ड बेकर यांच्या रोजनिशीवरून दिसते. त्याच वर्षी उन्हाळ्यात पांगळे विल्सन तिसऱ्यांदा उमेदवारीची स्वप्ने पाहू लागले. तेव्हा ग्रेसन यांनी पक्षाच्या अधिवेशनाला निघालेल्या सिनेटर कार्टर ग्लास यांना एकांतात गाठून, काही झाले तरी हे घडू देऊ नका, अशी विनवणी केली. म्हणजे सत्य सांगावयाची त्यांची तयारी होती. पण ती कानात, आडपडद्याने, एकेका मित्रापुरती. चव्हाट्यावर सांगण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही. किंवा असेही म्हणता येईल, की ज्या रोग्याने त्यांच्यावर जीव टाकला, त्याला जिवंतपणी उघडे पाडण्याचे क्रौर्य त्यांच्यापाशी नव्हते.

१९२१ च्या मार्चमध्ये विल्सन निवृत्त झाले. ग्रेसन यांनी त्यांची सेवा पुढेही चालू ठेवली. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टनमधील राहत्या घरी विल्सन यांनी प्राण सोडला. दारात जमलेल्या वार्ताहरांना ती वार्ता वाचून दाखविताना ग्रेसन यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. पुढे ते नौदलातून निवृत्त झाले. उत्तम जातीच्या शर्यतीच्या घोड्यांची पैदास त्यांनी केली. १९३५ पासून अमेरिकन रेडक्रॉसचे अध्यक्षपद भूषविले आणि १९३८ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. विल्सन यांच्याविषयी त्यांनी लिहिलेल्या आठवणी १९६० साली प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकात भक्ती आहे, हळवेपणा आहे. पण वैद्याच्या टिपणवहीतले निदान नाही.

परंतु कथा येथे संपत नाही. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यासाठी वैद्य सुचविला तो ग्रेसन यांनीच. नौदलातील नाक, कान व घसा यांचे तज्ज्ञ रॉस मॅकिंटायर हे ते वैद्य. १९४४ च्या मार्चमध्ये डॉ. ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने रूझवेल्ट यांना तपासले, तो रक्तदाब वाढलेला आणि हृदय थकलेले. मॅकिंटायर मात्र लोकांना सांगत राहिले, की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. लोकांनी त्यांना चौथ्यांदा निवडून दिले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. खरी हकीकत डॉ. ब्रुएन यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. शिष्याला गुरूकडून मंत्र मिळावा, तसे हे मौन एका वैद्याकडून दुसऱ्याकडे आले होते.

ग्रेसन यांना दोष द्यावा काय? रोग्याचे गुपित जपावे, ही वैद्यकाची अतिप्राचीन आण आहे. ती मोडणारा वैद्य उद्या कोणाच्याही घरात विश्वासाने घेतला जाणार नाही. आपल्यापैकी कोणाला आवडेल, की आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी आपल्या दुखण्याचा डांगोरा पिटावा? तेव्हा ग्रेसन गप्प राहिले, हा त्यांचा अपराध मी म्हणणार नाही. परंतु गप्प राहणे वेगळे आणि मंत्र्यांपुढे उभे राहून अपचन म्हणून सांगणे वेगळे. मी बोलणार नाही, असे म्हणणारा वैद्य आपल्या रोग्याशी इमान राखतो. अर्धसत्य बोलणारा वैद्य ऐकणाऱ्याशी बेइमान होतो. पहिल्यात ऐकणारा निदान सावध होतो. दुसऱ्यात तो निर्धास्त केला जातो. ही सीमारेषा ग्रेसन यांनी ओलांडली, आणि ती स्वार्थासाठी नव्हे, प्रेमापोटी ओलांडली, म्हणूनच ती अधिक विचार करण्याजोगी आहे.

आणि दोष एकट्या वैद्याचा तरी कसा म्हणावा? ज्या घटनेने असमर्थता ठरविणारा कोण हेच सांगितले नव्हते, तिने राष्ट्राचा सारा भार एका डॉक्टराच्या सदसद्विवेकावर टाकला होता. ती उणीव अमेरिकेने १९६७ साली पंचविसावी घटनादुरुस्ती करून भरून काढली. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाला आहे किंवा कसे, याचा उच्चार उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातील बहुमत यांनी करावयाचा, असे त्यात ठरले. वैद्याचे नाव त्या कलमात नाही, आणि ते योग्यच आहे. प्रेमाने बांधलेल्या माणसाकडून न्यायाधीशाचे काम मागू नये.

प्वेब्लोबाहेरच्या त्या धुळीच्या रस्त्यावर, हातात कोबीचा गड्डा घेतलेल्या आपल्या रोग्याबरोबर चालताना, हा माणूस थोडा वेळ केवळ वैद्य होता. त्याला केवळ आपल्या रोग्याला थोडी मोकळी हवा द्यावयाची होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर जे ओझे पडले, ते उचलण्यासाठी त्याला कोणी शिकविले नव्हते. लोकशाहीत असे ओझे कोणा एकाच्या खांद्यावर पडू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी घेतली, तर डॉ. ग्रेसन यांच्या आयुष्यापासून आपण काही शिकलो असे होईल.